संत्र्याचा गरमागरम शिरा

श्रोतेहो, नमस्कार. नागपुरी संत्री बाजारात दोनदा येतात. आंबिया बहाराची साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. शिऱ्याला मृगाची संत्री घ्यावीत, ती जास्त गोड असतात.

चार जणांसाठी एक वाटी रवा, म्हणजे सुमारे 100 ग्रॅम, अर्धी वाटी तूप, पाऊण वाटी साखर, दोन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ आणि चार संत्री घ्या. वाटी सगळ्याला एकच वापरा.

आधी एक संत्रं कोमट पाण्यात चोळून धुवा आणि सोलण्यापूर्वीच त्याची साल बारीक किसणीवर किसून घ्या. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर ती किसणीवर धरता येत नाही. फक्त वरचा केशरी थर किसा, खालचा पांढरा भाग कडू असतो. अर्धा चमचा कीस पुरे. तो मोजलेल्या साखरेतल्या दोन चमचे साखरेत बोटांनी चोळून झाकून ठेवा. सालीतलं तेल साखरेत उतरतं. संत्र्याचा खरा वास या तेलातच आहे.

एक चमचा तूप बाजूला ठेवून उरलेल्या तुपात रवा मंद आचेवर आठ-दहा मिनिटं भाजा. खमंग वास सुटला की पुरे. लाल झाला तर भाजका वास संत्र्यावर मात करतो. मग मीठ घातलेलं उकळतं पाणी बेताबेतानं ओता आणि ढवळत राहा. पाणी कोमट असेल तर गुठळ्या होतात. झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ येऊ द्या.

रस काढायचा तो या पाच मिनिटांत, आधी नाही. संत्र्याच्या बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यांत असलेल्या घटकापासून, रस काढल्यावर, आंबटपणामुळे हळूहळू लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं. उष्णतेनं ते आणखी लवकर होतं. सकाळी गोड लागलेला रस दुपारी कडवट लागतो तो म्हणूनच. मिक्सर तर अजिबात नको, बिया भरडल्या जातात. तीन संत्री हातानं पिळून गाळली की साधारण पाऊण वाटी रस मिळतो.

झाकण काढून रव्याचा दाणा बोटात दाबून पाहा. आत कणी लागली तर दोन चमचे गरम पाणी शिंपडून पुन्हा वाफ द्या. कच्च्या रव्यात साखर पडली की तो पुढे फुलत नाही, आणि मग कितीही वाफवा, कचकच राहतेच. रवा शिजला की साध्या साखरेचा भाग घाला. शिरा आधी सैल होईल, तीन-चार मिनिटांत कडा सोडू लागेल. आता रस, सालीची साखर आणि राखलेलं तूप घालून मिनिटभर हलवा, गॅस बंद करा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा.

पाण्याऐवजी दूध घालण्याचा मोह होईल, पण आंबट रसानं ते फाटतं आणि शिऱ्यात चोथ्यासारखे कण येतात. वेलची आणि केशरही इथे नकोत, संत्र्याचा नाजूक वास त्यांच्याखाली दबतो.

चौथ्या संत्र्याच्या फोडी पापुद्रे काढून, गर मोकळा करून वाढताना वरून घाला. कढईत घातल्या तर रस सोडून नुसते धागे उरतात. शिरा त्याच दिवशी संपवा. संध्याकाळी घट्ट वाटला तर पाण्याचा हबका मारून, झाकून मंद आचेवर गरम करा.