यादीबाहेरची नर्स

(अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळात फेब्रुवारी २०२६ मध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गेल्या नोव्हेंबरात आपल्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरत होता: 'अमेरिकेत नर्सिंग आता प्रोफेशन राहिलं नाही.' तो फिरत फिरत भारतात गेला आणि तिकडून काळजीचे फोन यायला लागले. पोरीचं लायसन्स जाणार का? पगार कमी होणार का? तर आधी हे सांगून टाकते, की कुणाचं लायसन्स जात नाही, पगाराला धक्का नाही आणि नर्सिंगच्या चार वर्षांच्या बी.एस.एन. पदवीसाठी विद्यार्थ्याला स्वतःला मिळणाऱ्या सरकारी कर्जाची वार्षिक मर्यादाही बदललेली नाही. बदल आहे तो त्यापुढच्या शिक्षणात, म्हणजे मास्टर्स आणि डॉक्टरेटमध्ये. मी एका विद्यापीठाच्या फायनान्शियल एड ऑफिसात काम करते, त्यामुळे मी आज पैशांबद्दल बोलणार आहे. मानापमानाचं बोलणारे पुष्कळ आहेत.

४ जुलै २०२५ ला राष्ट्राध्यक्षांनी सही केलेल्या 'वन बिग ब्यूटिफुल बिल' या मोठ्या कायद्याने 'ग्रॅड प्लस' हे कर्ज बंद केलं. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्याला ते मिळणार नाही. २००६ पासून चालत आलेल्या या कर्जात फी, राहणं, खाणं, पुस्तकं असा जो काही खर्च कॉलेज दाखवेल, तेवढी रक्कम सरकार द्यायचं. वरची मर्यादा नव्हतीच म्हणा ना. आता दोन रांगा केल्या आहेत. साध्या ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० डॉलर, एकूण एक लाख. प्रोफेशनल पदवीच्या विद्यार्थ्याला वर्षाला ५०,०००, एकूण दोन लाख. साहजिकच सगळा तंटा दुसऱ्या रांगेत कोण उभं राहणार यावर आहे.

दुसऱ्या रांगेत वैद्यकी, ऑस्टिओपथी, दंतवैद्यकी, पशुवैद्यकी, फार्मसी, ऑप्टोमेट्री, पायांचे डॉक्टर, कायरोप्रॅक्टर, वकिली आणि धर्मशास्त्र आहेत. ही दहा नावं जुन्या नियमात आहेत. शिक्षण खात्याने नेमलेल्या समितीने नोव्हेंबरात त्यात क्लिनिकल सायकॉलॉजी घातली आणि अकरा केली. जानेवारीच्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या मसुद्यातही तीच अकरा आहेत. नर्सिंग नाही. फिजिकल थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, फिजिशियन असिस्टंट, ऑडिओलॉजी, सोशल वर्क, पब्लिक हेल्थ यांतलंही काही नाही. या खोलीतल्या निम्म्या घरांत यांपैकी एखादं शिकणारी मुलगी किंवा सून असेल, म्हणून हा विषय नुसता नर्सचा नाही. पाद्री किंवा रब्बी होणाऱ्याला दोन लाखांपर्यंत कर्ज आणि हृदयशस्त्रक्रियेत भूल सांभाळणारीला एक लाख, असं गणित समोर आल्यावर माणूस विचारणारच, की ही यादी केली कुणी?

तर ती कुणी मुद्दाम नर्सना वगळायला बसून केलेली नाही. खातं सांगतं की या व्याख्येचं मूळ १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यात आहे. त्याच १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाला बरोबर घेऊन नर्स प्रॅक्टिशनर तयार करणारा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. फोर्डबाई १०४ वर्षं जगल्या, मागच्याच वर्षी जानेवारीत गेल्या. त्यांच्या हयातीत हे काम शून्यापासून एवढं वाढलं, की आज अर्ध्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरच्या देखरेखीशिवाय रुग्ण तपासते, निदान करते, औषध लिहून देते. खेड्यातल्या दवाखान्यात पुष्कळदा तीच एकटी असते. हे काम उभं राहिलं आणि यादी होती तिथेच थांबली.

आता त्या नियमातली व्याख्या पाहा. यादी हा तिचा शेपटाकडचा भाग आहे. मूळ वाक्यात तीन गोष्टी आहेत: पदवीने त्या पेशात काम सुरू करण्याची शैक्षणिक पात्रता पूर्ण व्हावी, कौशल्य बॅचलर्सच्या वरचं असावं, आणि सर्वसाधारणपणे लायसन्स लागावं. त्यानंतर 'उदाहरणार्थ, पण एवढ्यापुरतं मर्यादित नाही' असं म्हणून ती दहा नावं येतात. नव्या मसुद्यात हे दार लावून घेतलं आहे. प्रत्येक अभ्यासक्रमाला विषयानुसार एक सरकारी संकेतांक असतो, तो त्या अकरांपैकी एकाशी जुळला पाहिजे. म्हणजे नर्सिंगची डॉक्टरेट करणारी मुलगी बाकीच्या सगळ्या अटी पुऱ्या करील आणि संकेतांकावर अडकेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. नर्स म्हणून काम सुरू करायला मास्टर्स लागतच नाही. दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीवर आर.एन., म्हणजे नोंदणीकृत नर्स, होता येतं. मग पुढची पदवी 'काम सुरू करण्याची पात्रता' कशी? माझं उत्तर असं, की आर.एन. आणि नर्स प्रॅक्टिशनर ही एकाच कामाची खालची आणि वरची पायरी नव्हे. नर्स प्रॅक्टिशनर, नर्स मिडवाइफ, भूल देणारी नर्स ॲनेस्थेटिस्ट यांची प्रमाणपत्र परीक्षा वेगळी, राज्याची परवानगी वेगळी, जबाबदारी वेगळी. वीस वर्षं आयसीयूत काढलेल्या आर.एन.लाही त्या पदवीशिवाय भुलेचं काम सुरू करता येत नाही. व्याख्येत आणखी काय लागतं?

जरा मागे जाऊ. १९१५ साली बाल्टिमोरला शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी एक भाषण केलं. पाच वर्षांपूर्वी त्यांच्याच अहवालाने अमेरिकेतली निकृष्ट मेडिकल कॉलेजं बंद पडायला लागली होती, म्हणजे शब्दाला वजन होतं. खरा पेशा कोणता, याच्या कसोट्या त्यांनी मांडल्या आणि एकेकाला त्यावर घासलं. नर्सची धडपड कौतुकाची आहे, पण तिची जबाबदारी मूळचीही नाही आणि अंतिमही नाही, ती डॉक्टरच्या हाताखालची, असा निकाल दिला. गंमत म्हणजे त्याच भाषणात फार्मसीही नापास झाली होती, आणि कारण जवळपास तेच: ठरवतो डॉक्टर, औषधविक्या फक्त ऐकतो. आज फार्मसी यादीत आहे. अभ्यासक्रम वाढला, सहा वर्षांची फार्म.डी. ही डॉक्टरेट आली, आणि त्यांना कुणी १९१५ ची आठवण करून दिली नाही. नर्सच्या बाबतीत ती आठवण अजून कुणाच्या तरी डोक्यात आहे असं मला वाटतं. दहापैकी जवळजवळ नऊ नर्स बायका आहेत, यावर मी जास्त बोलत नाही. तुम्ही समजून घ्याल.

पण नर्सच्या संघटनांनी हा लढा 'आमचा अपमान झाला' असा लढवला, तेही मला पटत नाही. दोन लाखांहून जास्त लोकांनी त्यांच्या निवेदनावर सह्या केल्या. दोन्ही पक्षांच्या शंभराहून अधिक लोकप्रतिनिधींनी खात्याला पत्र लिहिलं. त्यात गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेचा हवाला येतोच, की वीसहून अधिक वर्षं अमेरिकन लोक सर्वांत प्रामाणिक म्हणून नर्सलाच निवडतात. छान आहे. पण प्रामाणिकपणावर कर्ज मिळत असतं तर वकील यादीत नसते! (हशा) खातं शांतपणे म्हणतं, ही केवळ कर्जापुरती अंतर्गत व्याख्या आहे, कुणाच्या योग्यतेवर शेरा नाही. अपमानाच्या मुद्द्याला हे उत्तर पुरतं. पैशाच्या मुद्द्याला पुरत नाही.

पैशाबद्दल खात्याचं म्हणणं आहे की नर्सिंगचे ९५ टक्के विद्यार्थी मुळात वर्षाच्या मर्यादेपेक्षा कमीच कर्ज घेतात, मग ओरड कशाची? हा आकडा मी खरा धरते. खरा धरला तर तो उलटाच जातो. ९५ टक्क्यांना वाढीव मर्यादेची गरजच नसेल, तर नर्सिंगला यादीत घेतल्याने सरकारी तिजोरीवर भार पडणार तरी किती? आणि राहिलेले पाच टक्के कोण, हे बघायला नको का?

त्यांत भूल देणाऱ्या नर्स मोठ्या संख्येने असणार. २०२२ पासून त्या अभ्यासक्रमात येणाऱ्या प्रत्येकीला डॉक्टरेटच करावी लागते. साधारण तीन वर्षं, त्याआधी क्रिटिकल केअरचा किमान वर्षाचा अनुभव. शिकताना नोकरी जवळजवळ अशक्य, कारण दिवस ऑपरेशन थिएटरात जातो. म्हणजे मिळता पगार सोडून यायचं. नव्या नियमाने तिला तीन वर्षांत ६१,५०० डॉलर मिळतील. प्रोफेशनल धरली असती तर दीड लाख. नुसती फीच लाखाच्या पुढे जाणारे कितीतरी अभ्यासक्रम आहेत, घरभाडं वेगळंच. उरलेलं कुठून आणायचं? खाजगी कर्ज. तिथे क्रेडिट हिस्टरी लागते, नाहीतर सहीला आईवडील. उत्पन्नाच्या प्रमाणात हप्ता नाही, सार्वजनिक सेवेत दहा वर्षं काढल्यावर मिळणारी माफी नाही. ज्या घरात सही करणारा आहे ती मुलगी निभावून नेईल. ज्या घरात नाही ती आर.एन.च राहील. आणि हे कर्ज बुडीत जाणारं नव्हे हो. भूल देणाऱ्या नर्सचं मध्यक (मीडियन) वार्षिक उत्पन्न दोन लाख डॉलरच्या वर आहे. कुठलाही सावकार डोळे मिटून देईल असं हे गिऱ्हाईक.

दुसरी बाजू मी सांगितली नाही तर माझंच ऑफिस मला हसेल. १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी लिहिलं होतं, की सरकारी मदत वाढते तशी कॉलेजं फी वाढवतात. सगळीकडे हे खरं नाही, पण अमर्याद ग्रॅड प्लसच्या बाबतीत त्यात तथ्य होतं. कर्ज कितीही मिळतंय म्हटल्यावर फी ठरवणारे हात सैल होतात, हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलं आहे. नर्स प्रॅक्टिशनरचे काही ऑनलाइन अभ्यासक्रम तर हजारोंनी प्रवेश देतात आणि क्लिनिकलची, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांबरोबर शिकण्याची जागा तुमची तुम्ही शोधा म्हणतात. तेव्हा मर्यादा असावी, याला माझा विरोध नाही. पण मर्यादा लावायची तर खर्च, लायसन्स आणि पुढची मिळकत बघून लावा. साठ वर्षं जुनी नामावळी बघून नको.

माझ्या युक्तिवादात एक भोक आहे, ते मीच दाखवते. लायसन्सची कसोटी लावली तर नर्सिंग शिकवणाऱ्या प्राध्यापिका बाहेर पडतात. शिकवण्यासाठी केलेल्या मास्टर्सला वेगळं लायसन्स नसतं. आणि खरी टंचाई तिथेच आहे. २०२३ मध्ये अमेरिकन नर्सिंग कॉलेजांनी पदवी आणि त्यापुढच्या अभ्यासक्रमांसाठी आलेले ६५,७६६ पात्र अर्ज परत पाठवले. एकेक जण चार ठिकाणी अर्ज करते, म्हणून तेवढी माणसं नव्हेत, अर्ज. तरी कारणांत शिक्षकांची कमतरता वरच आहे, कारण नर्स प्रॅक्टिशनर होऊन दवाखान्यात जास्त मिळतं, मग वर्गात कोण येणार? त्यांच्यासाठी कर्जाची मर्यादा वाढवून उपयोग नाही. कमी पगारावर जास्त कर्ज म्हणजे फासच. तिथे सरकारने थेट पैसे घालायला हवेत.

तशी एक योजना आहेही, आणि आपल्याकडे ती फार थोड्यांना ठाऊक असते: नर्स फॅकल्टी लोन प्रोग्राम. पदवीनंतर चार वर्षं पूर्णवेळ शिकवलं तर कर्जाचा ८५ टक्क्यांपर्यंतचा भाग माफ होतो. ती कॉलेजमार्फत मिळते, सगळी कॉलेजं त्यात नसतात, म्हणून प्रवेशाआधी विचारा.

ज्यांची मुलं आधीच शिकताहेत त्यांच्यासाठी: ३० जून २०२६ ला विद्यार्थी त्या अभ्यासक्रमात असेल आणि त्याच अभ्यासक्रमासाठी त्याआधी सरकारी कर्ज घेतलं असेल, तर जुन्या मर्यादा तीन वर्षं किंवा अभ्यासक्रम संपेपर्यंत, जे आधी येईल तोवर लागू राहतात. कॉलेज बदललं की गणित बदलू शकतं, तेव्हा आधी ऑफिसात जाऊन लेखी विचारा. भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना यातलं काहीच लागू नाही, त्यांना ही सरकारी कर्जं पूर्वीही मिळत नव्हती. ऑगस्टमध्ये नव्याने सुरू करणाऱ्यांनी मात्र ग्रॅड प्लस हिशोबातून आजच काढून टाकावं आणि २०,५०० धरून कागद मांडावा. कागद घेऊन आलात तर चहाच्या वेळी मी इथेच बसलेली आहे.