चिकूच्या लाकडाची गणेशपट्टी

नमस्कार मंडळी. वाचनालयाने विषय दिलाय 'माया संस्कृतीची भग्न नगरे', बाहेर फळ्यावर तसंच लिहिलंय, पण खरं सांगू का, आम्ही दोघं तिकडे, म्हणजे या मायांच्या मेक्सिको-ग्वाटेमालात, काही संशोधन करायला गेलो नव्हतो, पाठीवर सॅक टाकून हिंडायचं आणि संध्याकाळी जिथे असू तिथली बिअर प्यायची एवढाच बेत होता. मित्राचं नाव घेत नाही, त्याची बायको तिसऱ्या रांगेत बसलीये. आपण त्याला नुसतं भाऊ म्हणूया. दोघांकडे ऑफिसच्या कृपेने अमेरिकेचा व्हिसा होता आणि तो असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, त्या एका गोष्टीवर अख्खा प्लॅन उभा.

सुरुवात केली मेरिदापासून, म्हणजे मेक्सिकोच्या युकातान राज्याची राजधानी. आमच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात एक मावशी होत्या, पहिल्याच सकाळी त्या फोनवर कोणाशी तरी भांडत होत्या आणि भाऊ मला म्हणाला, ही स्पॅनिश वाटत नाही रे. विचारलं तर म्हणाल्या, माया. म्हणजे आपण ज्यांना पुस्तकात 'लुप्त' करून टाकलंय ते लोक सकाळी आठ वाजता बहिणीशी गॅस सिलिंडरवरून भांडतायत! नगरं ओस पडली, माणसं नाही गेली कुठे. एकट्या ग्वाटेमालात वीसच्या वर माया भाषा बोलल्या जातात.

तिथून चिचेन इत्सा, मायांचं सगळ्यात गाजलेलं पडकं नगर. त्याबद्दल फार बोलत नाही कारण गर्दी इतकी की मुंबईची लोकल बरी. मोठ्या पिरॅमिडला चार बाजूंनी ९१-९१ पायऱ्या आणि वरची एक, झाल्या ३६५, वर्षाचे दिवस. चढायला आता बंदी आहे. समोर उभं राहून टाळी वाजवली की प्रतिध्वनी पक्ष्याच्या आवाजासारखा चिरका येतो, त्यामुळे तिथे दिवसभर लोक टाळ्याच वाजवत असतात, आरती चालू असल्यासारखं वाटतं. मला जास्त आवडली ती त्यांची आकडे लिहायची पद्धत. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपल्यासारखं चिन्ह म्हणजे शून्य, आणि सगळी मोजणी विसावर. आमची आजी बागेत फळं अशीच मोजायची, दोन विसा, तीन विसा, शंभर तिला पटायचंच नाही. तिला तिथे नेलं असतं तर हिशोबाला माझ्या आधी बसली असती.

पण मेरिदा बघायचं ते संध्याकाळी. तिथल्या कँटीनात, म्हणजे गुत्ताच तो, पण घरची माणसंसुद्धा येतात असा, बिअर मागवली की बरोबर छोट्या छोट्या बशा येतात, पैसे फक्त बिअरचे. चकणा फुकट! भाऊचे डोळे भरून आले. त्यात एक सिकिल पाक नावाची चटणी, नाव मायाच, भोपळ्याच्या बिया भाजून टोमॅटोबरोबर वाटायच्या, आपल्या तिळाच्या चटणीच्या अगदी चुलत घरातली. आणि एका वाटीत हाबानेरो मिरची. वेटरने हाताने खूण केली, जपून. भाऊ म्हणाला, आपण कोल्हापूर जेवलेली माणसं. पुढची वीस मिनिटं तो बोलला नाही. आता मिरची मुळात त्यांच्याच बाजूची, पोर्तुगीजांनी ती गोव्यात उतरवली तेव्हा आपल्याला कळली, त्याआधी आपण मिरी आणि पिंपळीवर होतो. आपण तिचा ठेचा करून मिशीला पीळ देतो तो देऊया, पण तिच्या माहेरी जाऊन देऊ नये.

गुरुवारी रात्री सांता लुसिया चौकात गाण्याबजावण्याचा कार्यक्रम असतो, १९६५ पासून चालू आहे, तिकीट नाही. बायका पांढऱ्या भरतकामाच्या पोशाखात, पुरुष पांढऱ्या सदऱ्यात, नाच खाराना नावाचा, आणि डोक्यावर ट्रे, ट्रेमध्ये बाटल्या, पाय चाललेत तुफान आणि बाटली हलत नाही. मध्येच कोणीतरी ओरडतं, 'बोंबा!' वाद्यं थांबतात, मग एकजण चार ओळी म्हणतो, प्रेमाच्या नाहीतर कुणाची खोडी काढणाऱ्या, लोक हसतात आणि परत ढोल सुरू. म्हणजे उखाणाच की. भाऊने मला कोपर मारलं, तू घे ना एक. मी घेतला, मराठीत, बायकोचं नाव घालून, आणि शेजारच्या आजीबाईंनी काही न कळता टाळ्या वाजवल्या.

मग पालेंके, मेक्सिकोतलंच जंगलातलं आणखी एक माया नगर. रात्रीची बस, एसी इतका की दोघं टॉवेल पांघरून. तिथे पाकाल राजाची कबर आहे, बाराव्या वर्षी गादीवर आला आणि ६८३ साली गेला, अडुसष्ट वर्षं राज्य, आणि देवळाच्या पोटात खाली जिन्याने उतरून त्याची कबर १९५२ मध्ये सापडली. जंगल पार भिंतीपर्यंत आलेलं. खूप सुंदर आहे, पण आमचा एक दिवस तिथे पोट बिघडण्यात गेला, त्यामुळे पुढे चला.

पुढे म्हणजे उसुमासिन्ता नदी. पलीकडे ग्वाटेमाला. लांब निमुळत्या होडीत बसायचं, सॅक मांडीवर, आणि देश बदलतो. संध्याकाळी फ्लोरेसला पोचलो, तळ्यातलं इवलंसं बेट, पंधरा-वीस मिनिटांत पायी चक्कर पूर्ण होते. बस जिथे सोडते तिथून बेटावर जायला रिक्षा, आणि रिक्षा कुठली तर बजाज! तिकडे जिथे बघावं तिथे बजाज, बहुधा आपल्या वाळूजहून आलेली. भाऊने ड्रायव्हरला खुणेने सांगितलं की ही आमच्याकडची, तर त्याने भाडं कमी करण्याऐवजी क्लच केबलची तक्रार केली.

हे बेट म्हणजे पूर्वीचं नोहपेतेन, इत्सा मायांची राजधानी, मायांचं शेवटचं स्वतंत्र राज्य, स्पॅनिश लोकांनी १३ मार्च १६९७ ला घेतलं. शाळेत आपल्याला वाटायचं कोलंबस आला आणि दोन-चार वर्षांत सगळं संपलं. छे! इकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते तेव्हा तिकडे ही मंडळी अजून लढत होती. तळ्यात पाय सोडून बसता येईल असा एक लाकडी धक्का, मागे कुंबियाची, म्हणजे तिकडची नाचायची, गाणी, हातात कोंबड्याचं चित्र असलेली गायो बिअर, आणि बारवाल्याने घोड्याची गोष्ट सांगितली. मेक्सिको जिंकणारा स्पॅनिश सेनानी कोर्तेस १५२५ मध्ये इथून गेला, त्याचा एक घोडा लंगडा झाला म्हणून इथेच ठेवून गेला, सांभाळा म्हणाला. लोकांनी घोडा कधी पाहिलेला नाही, त्याला देवासारखी फुलं वगैरे खायला घातली, तो बिचारा मेला. मग घाबरून त्याची मूर्ती केली आणि तिची पूजा सुरू झाली, ती १६१८ मध्ये पाद्र्यांनी येऊन फोडली. तळ्याच्या तळाशी अजून घोडा दिसतो म्हणे. भाऊने बिअरनंतर केत्सालतेका नावाची उसाची दारू सुरू केली होती, त्याला बाराच्या सुमारास दिसला.

आणि आमची तिकालची, म्हणजे जंगलातल्या मोठ्या माया नगराच्या अवशेषांकडे जाणारी, व्हॅन होती पहाटे तीनला.

आता बघा, सूर्योदय बघायचा म्हणून जादा पैसे भरलेले, दीड तासाचा रस्ता, मग अंधारात बॅटरी घेऊन जंगलातून चालायचं. चार नंबरचं देऊळ, साधारण इ. स. ७४१ चं, ६५ मीटर उंच, म्हणजे वीस मजली बिल्डिंग समजा, लाकडी जिन्याने वर. भाऊ पहिल्या टप्प्यावर बसला, म्हणाला तू हो पुढे, मी आलोच. वर तीसेक लोक गप्प बसलेले. उजाडलं, आणि धुकं. पांढरं. समोर हातभर दिसेना. सूर्य आला असणार, आम्हाला नाही दिसला. मनात एजन्सीवाल्याला शिव्या घालतोय तेवढ्यात त्या पांढऱ्यातून डरकाळी आली, मग दुसऱ्या बाजूने, मग चारी बाजूंनी, वाघ म्हणावा तर झाडाच्या शेंड्यावरून कसा येईल! ती माकडं. हाऊलर म्हणतात, आकाराने आपल्या माकडाएवढी आणि आवाज ट्रकचा. साडेसात-आठला धुकं फाटलं आणि हिरव्या झाडीतून दोन देवळांची डोकी वर आली, तरंगल्यासारखी. मी फोटो काढायचा विसरलो, सांगतोय ते खरंय.

आमचा गाईड केक्ची माया होता, म्हणजे मायांमधल्याच एका समाजाचा, पन्नाशीचा. उतरताना देवळाच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाला, या दारांवर कोरीव लाकडी तुळया होत्या, राजाची चित्रं आणि लेख असलेल्या, १८७७ मध्ये एका स्विस डॉक्टरमुळे त्या इथून निघाल्या आणि आता बाझलच्या म्युझियममध्ये आहेत. आपण घराच्या दारावर गणेशपट्टी बसवतो ना, तेच, फक्त गणपतीच्या जागी राजा. मी विचारलं, लाकूड? या पावसात? बाराशे-साडेबाराशे वर्षं? म्हणाला, चिकोझापोते, कुजत नाही, वाळवी लागत नाही, काही देवळांत अजून मूळची तुळई जागेवर आहे. आणि वाटेवरच्या एका झाडाला थोपटलं. सालीवर खालपासून वरपर्यंत तिरप्या जुन्या खाचा, नागमोडी. खाली फळ पडलेलं, माकडाने अर्धं खाल्लेलं. मी उचलून वास घेतला.

मंडळी, चिकू! घोलवडचा माणूस चिकूला ओळखणार नाही?

आपण इथे चिकू फेस्टिव्हल करतो, जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला म्हणून पेढे वाटतो, आणि लहानपणी मला सांगितलेलं की चीक निघतो म्हणून चिकू. पण हे झाड मूळचं त्यांचं, त्या जंगलातलं, आणि नावही तिकडूनच आलंय, चीक बिचारा योगायोगाने जुळला. त्या खाचा चीक काढायच्या. पावसाळ्यात दोर बांधून झाडावर चढायचं, कोयत्याने नागमोडी काप घेत जायचं, चीक बुंध्याशी बांधलेल्या पिशवीत उतरतो, मोठ्या कढईत आटवून त्याच्या विटा पाडायच्या, आणि झाडाला पुढे काही वर्षं विश्रांती. त्याला चिक्ले म्हणतात, अमेरिकेतलं च्युइंगम आधी त्याचंच व्हायचं, नंतर कृत्रिम डिंक आला आणि धंदा बसला. ही चीक काढणारी माणसंच जंगल कोळून प्यालेली, कितीतरी पडकी शहरं आधी त्यांना सापडली, शास्त्रज्ञ मागून आले. गाईडचे वडील तेच करायचे.

मी त्याला मोबाईलवर आमच्या वाडीचा फोटो दाखवला, ओळीने लावलेली झाडं, खाली क्रेट. तो बराच वेळ बघत राहिला, झूम करून खोडं बघितली, एकही काप नाही. म्हणाला, एवढी झाडं, आणि चीक कोण काढतं? म्हटलं, कोणी नाही, उलट फळाला लागलेला चीक आम्ही धुऊन टाकतो. त्याने परत एकदा फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, नुसतं फळ खायला? वीस-तीस वर्षं?

मी काय सांगणार. तेवढ्यात जिन्याच्या खालून भाऊचा आवाज आला, सूर्य उगवला का रे.