एकाच नंबरचे दोन ट्रान्झिस्टर

टेबलावरचे हे अँप्लिफायरचे दोन काळे ट्रान्झिस्टर बघा. दोघांवर नंबर एकच, २एससी५२००, दोघांवर तोशिबाचं नाव, पाय सारखे, स्क्रूचं भोक सारखं, आणि आता यातला डावीकडचा मी व्हाइसमध्ये धरून पक्कडीने फोडतोय. निघालं प्लास्टिक. आत तांब्याच्या पट्टीवर हा जो करडा चौकोन दिसतोय ना, तोच खरा ट्रान्झिस्टर, बाकी सगळं कवच. आता उजवीकडचा. फट्. आणि याच्यात काय निघालं बघा, तिळाएवढा ठिपका. कुठलातरी लहानसा ट्रान्झिस्टर मोठ्या कवचात घातलाय आणि वर मोठ्याचं नाव छापलंय.

याच्याच एका भावाने माझा स्पीकर जाळला होता. पहिला अँप्लिफायर मोठ्या हौसेने बनवला, आठवडाभर हळू आवाजात मस्त वाजला, मग एका रात्री आवाज चढवला आणि वूफरचा कोन पुढे सरकला तो तिथेच अडकून राहिला, दोन-तीन सेकंदांत जळका वास. ट्रान्झिस्टर मरताना बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो, मग सप्लायचे ३५ व्होल्ट डीसी सरळ स्पीकरच्या कॉइलवर येतात, ८ ओहमला हिशोब करा, १५० वॉटच्या वर जातं, आणि ती सगळी नुसती उष्णता, कॉइल जागची हलत नाही म्हणून तिला वाराही लागत नाही. त्या रात्री मी सर्किटला शिव्या घातल्या. सर्किट बिचारं बरोबर होतं.

५२०० हा एनपीएन आणि त्याचा जोडीदार २एसए१९४३ हा पीएनपी, म्हणजे उलट जातीचा, एक आवाजाच्या लाटेचा वरचा अर्धा भाग ओढतो, दुसरा खालचा. एके काळी अशी दोन जातींची तगडी जोडी मिळायचीच नाही, म्हणून १९५६ मध्ये एच. सी. लिन यांनी दोन्ही बाजूंना एकाच जातीचे ट्रान्झिस्टर वापरायची युक्ती काढली, आणि नंतर कितीतरी वर्षं अँप तसेच बनले. आज जोडी मिळते, पण ती इतकी खपते की नकलाही हिच्याच जास्त. कागदावर २३० व्होल्ट, १५ अँपिअर, १५० वॉट. आता हे १५० वॉट लोक वाचतात आणि तिथेच थांबतात, तो आकडा ट्रान्झिस्टरची पाठ २५ अंशावर असेल तेव्हाचा आहे, पुढे दर अंशाला १.२ वॉट कमी करत जायचं, पाठ ७५ अंशाला गेली की उरले ९०. अस्सल मालाची ही गत, तर तिळाएवढ्या ठिपक्याचं काय होणार.

मग न फोडता ओळखायचं कसं? पूर्वी अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला की छपाई निघून यायची, आता नकलाही लेझरने कोरतात त्यामुळे त्यावर फार विसंबू नका. मी मीटर कपॅसिटन्सवर, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता मोजायला, लावतो आणि बेस, कलेक्टर, एमिटर या तीन पायांपैकी पहिल्या दोघांमध्ये मोजतो, ओळखीच्या अस्सल नगाशी ताडून बघतो. सिलिकॉन लहान तर कपॅसिटन्स लहान, कवच कितीही मोठं असो. आणि मुळात घ्यायचेच कंपनीच्या वेबसाइटवर ज्या वितरकांची नावं असतात त्यांच्याकडून. माझे सुरुवातीचे नग ‘अगदी ओरिजनल’ असं शपथेवर सांगून दिलेले होते.

आता ट्रान्सफॉर्मर. अँपची ताकद इथून येते, ट्रान्झिस्टर फक्त नळाचं काम करतो. ८ ओहमवर ५० वॉट पाहिजेत तर २० व्होल्ट आरएमएस, म्हणजे लाटेचं एक प्रकारचं सरासरी माप, लागतात, वीस गुणिले वीस भागिले आठ, म्हणजे लाटेचं टोक २८ व्होल्टच्या थोडं वर. वर ट्रान्झिस्टरसाठी थोडी जागा, भार आल्यावर सप्लाय खाली बसणार त्यासाठी थोडी जागा, असं करत करत अधिक-उणे ३५ वर येतो. २५-०-२५ चा ट्रान्सफॉर्मर घेतला की २५ ला १.४१४ ने गुणायचं, डायोड जे थोडे व्होल्ट गिळतो ते वजा करायचे, बरोबर तिथेच पोचतो. पुड्यावर हजार-हजार वॉट लिहिणाऱ्यांना एकदा विचारा की आत सप्लाय किती व्होल्टचा आहे.

बंद पडलेले जुने रिसीव्हर मिळाले तर सोडू नका. त्यातला ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक, म्हणजे ट्रान्झिस्टर गार ठेवणारा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, बिनधास्त काढून घ्या, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम म्हातारं होत नाही. कंडेन्सर मात्र परत वापरायला काढू नका, त्यातलं इलेक्ट्रोलाइट वाळलेलं असतं.

हा गोल दिसतोय तो टोरॉइड, कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर. मधोमध एक बोल्ट, खाली डब्याचा पत्रा, आणि इथे एक चूक शहाणी माणसंही करतात, बोल्टचं वरचं टोक डब्याच्या झाकणाला टेकतं. टेकलं की बोल्ट आणि डबा मिळून ट्रान्सफॉर्मरभोवती एक वेढा पूर्ण होतो, शॉर्ट झालेला, आणि फ्यूज उडतो. झाकण उघडं असताना सगळं ठीक, झाकण लावलं की फ्यूज गेला, पुन्हा उघडलं की ठीक. माणूस वेडा होतो.

हीटसिंकबद्दल लोकांना वाटतं फुल आवाजात सगळ्यात जास्त तापणार. तसं नाहीये. सतत सूर दिला तर बी क्लासचा अँप, म्हणजे असा अर्धी-अर्धी लाट वाटून घेणारा, सगळ्यात जास्त तापतो ताकदीच्या साधारण ४० टक्क्यांवर. ट्रान्झिस्टरखाली मायका, वीज अडवणारा पातळ पापुद्रा, त्याच्या दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ थर, पोळीला तूप लावतो तसा नाही, अगदी पातळ. स्क्रू आवळले की लगेच मीटरने कलेक्टर आणि हीटसिंक शॉर्ट नाहीत ना ते तपासायचं, ड्रिलची एक कुसळ राहिली तरी मायका फुटतो.

बायस, म्हणजे आवाज नसतानाही वाहता ठेवलेला थोडासा करंट, ठरवणारा हा छोटा ट्रान्झिस्टर त्याच हीटसिंकला चिकटलेला पाहिजे. का, तर तापला की ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट उतरतो, तेवढ्याने करंट वाढतो, करंट वाढला की अजून तापतो, असं चढत चढत स्वतःलाच जाळतो. हा छोटा सोबत तापला की तो बायस खाली ओढतो. बोर्डावर लटकत ठेवला तर त्याला काही पत्ताच नसतो.

आता पहिल्यांदा चालू करतोय. सरळ मेन्सवर नाही, मध्ये सिरीज बल्ब, म्हणजे मेन्सच्या वायरमध्येच ओळीने जोडलेला, ६० वॉटचा, जुना तारेचाच पाहिजे, एलईडीने हे काम होत नाही. स्पीकर जोडलेला नाही, डब्याला अर्थ जोडलेलं आहे, बायसचा प्रीसेट, म्हणजे तो कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू, सगळ्यात कमीवर. स्विच... बल्ब भक्कन पेटला, कंडेन्सर भरले, आणि विझत विझत नुसती लाल तार राहिली. हे बघायलाच मी दर वेळी थांबतो. पेटलेलाच राहिला असता तर कुठेतरी शॉर्ट, बंद करायचं. आणि बंद केल्यावरही लगेच हात घालायचा नाही, कंडेन्सर भरलेले असतात.

आउटपुटला डीसी १४ मिलिव्होल्ट, ५० च्या आत आहे, चालेल. बल्ब काढला, आता बायस. ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर. अर्धा तास तापू देतो, परत बघतो, १३ झालेत, थोडं खाली आणतो.

पहिला आवाज कायम भंगारातल्या स्पीकरवर. गाणं वाजतंय, पण मागे एक बारीक घर्रर्र आहे, ऐकू येतंय का? मेन्सच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे कंडेन्सर भरताना जे करंटचे धक्के बसतात ते ग्राउंडच्या वायरमधून येतायत. स्पीकरची ग्राउंड वायर मी दोन कंडेन्सरच्या मधल्या जोडावर लावली होती, घाई नडली. बंद केलं, मीटरने कंडेन्सर रिकामे झाल्याचं बघितलं, ती वायर तिथून काढून वेगळ्या जाड वायरने पुढे आणलेल्या एकाच बिंदूवर नेली. परत चालू. आता कान स्पीकरला लावला तरच थोडीशी सर्र.

हा एक चॅनल झाला. दुसऱ्याची जोडी अजून पाकिटात आहे, मीटर कपॅसिटन्सवरच ठेवलाय.