चार खांब आणि एक शिरस्त्राण

राम राम मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबार, जिथं कुठं ऐकताय तिथं लाईट टिको. मे महिन्याच्या दुपारी पोरं घरात गेम लावून बसलीत, तर त्यांच्याच कामाचं बोलू. गेमचं एक्सपान्शन, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडलेला वाढीव भाग, सोडून दिलं तर गोष्ट कळते का?

उत्तर आधीच देतो. पुढच्या भागाची सुरुवात एक्सपान्शनच्या शेवटातून होत असेल, तर नाही कळत. पुन्हा सांगतो: पुढचा भाग कुठून सुरू होतो, तेवढं बघा.

आता वॉरक्राफ्ट ३ हा गेम घ्या. जुलै २००२. आर्थस नावाचा राजपुत्र प्रजेला वाचवायला निघतो, फ्रॉस्टमोर्न ही शापित तलवार उचलतो आणि परत येऊन सिंहासनावरच्या बापालाच मारतो. आणि मूळ गेमच्या शेवटच्या लढाईत हा गडी कुठं असतो? कुठंच नाही! मधूनच गायब.

वर्षभरानं, जुलै २००३ मध्ये, त्याचं एक्सपान्शन द फ्रोझन थ्रोन आलं. त्यातल्या अनडेडच्या, म्हणजे मेलेल्यांच्या फौजेच्या, मोहिमेत आर्थसचा धनी, लिच किंग, बर्फाच्या सिंहासनात कैद आहे. बर्फाला तडा गेलाय, शक्ती गळतेय. म्हणून आर्थसची लेव्हल चढायच्या ऐवजी घसरत जाते, चैत्रातल्या विहिरीसारखी. कुणी तोंडानं सांगायची गरजच नाही. खेळणाऱ्याच्या हातातली ताकद कमी होते आणि त्याला कळतं.

शेवटच्या मिशनमध्ये सिंहासनाभोवती चार दगडी खांब. चारही ताब्यात आले की दार उघडतं. इथं पोरं फसतात: सगळी फौज घेऊन एका खांबाकडून दुसऱ्याकडे पळतात, आणि मागचा खांब आर्थसचा वैरी इलिडन याची फौज परत घेते. प्रत्येक खांबापाशी थोडी फौज आणि एखादा टॉवर ठेवा, मगच पुढे सरका.

मग इलिडन पडतो. आर्थस एकटा जिना चढतो, जुन्या माणसांचे आवाज कानात घुमत असतात. वर पोचतो. तलवारीनं बर्फ फोडतो. शिरस्त्राण उचलतो आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवतो. झालं! आता आर्थस वेगळा नाही आणि लिच किंगही वेगळा नाही.

पुढं २००८ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या पुढच्या गेमचं रॅथ ऑफ द लिच किंग आलं, तेव्हा हाच राजा समोर उभा. ज्यानं २००३ चं सोडलं, त्याला तो नुसता चिलखतातला खलनायक वाटला. भाजलेलं वांगं म्हणजे भरीत नव्हे, तसंच हे. (आणि भरीत लाकडी भांड्यात ठेचावं, मिक्सरमध्ये फिरवू नये. असो.)

डायब्लो २ या गेमचंही तेच. त्याच्या २००१ च्या लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन या एक्सपान्शनमध्ये आरियाट पर्वतातला वर्ल्डस्टोन नावाचा जादूचा दगड फुटतो, म्हणून २०१२ च्या डायब्लो ३ मध्ये त्या पर्वताच्या जागी खड्डा दिसतो. उलट पहिल्या डायब्लोचं हेलफायर हे एक्सपान्शन १९९७ मध्ये दुसऱ्याच कंपनीनं बनवलं. त्याची गोष्ट पुढं चाललीच नाही. सोडलं तरी काही बिघडत नाही.

विकत घेताना एवढं पाहा. एल्डन रिंगचं २०२४ चं एक्सपान्शन घेतल्या घेतल्या उघडत नाही; आधी मूळ गेममधल्या राडान आणि मोग या दोन मोठ्या शत्रूंना हरवावं लागतं. दोघांना, एकाला नाही. काही पोरं पैसे भरून दार शोधत बसतात. विचर ३ चं ब्लड अँड वाइन हे एक्सपान्शन तिशी ओलांडलेल्या लेव्हलसाठी आहे. दहाव्या लेव्हलला तिकडं गेलात तर पहिल्याच झटापटीत मराल.

आणि प्लेस्टेशनची डिस्क भावानं परदेशातून आणलेली असेल, तर तिचा रीजन (कुठल्या भागातल्या देशांसाठी ती काढलीय) आणि तुमच्या ऑनलाइन स्टोअरचा रीजन एकच आहे ना, ते आधी तपासा. नसेल तर एक्सपान्शन डाउनलोड होतं, यादीत दिसतं, पण त्या डिस्कवर चालत नाही.