पालिकेच्या वहीतला डॉक्टर

(दृश्य : सपाट माळ, गव्हाची शेते, रेल्वेरुळाच्या कडेची लाकडी धान्यकोठारे)

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताचा हा दक्षिण भाग आहे. नजर पोचेल तिथपर्यंत गहू आहे, मधूनच कॅनोलाची पिवळी शेते आहेत, आणि रुळांच्या कडेला ही उंच, उभट, लाकडी कोठारे आहेत. एकेकाळी असे कोठार दिसले की गाव आले असे समजत. कोठाराजवळ रेल्वेचा थांबा असे, थांब्याजवळ दुकान, दुकानापलीकडे चर्च आणि शाळा. डॉक्टर मात्र असेलच याची खात्री नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातून येऊन इथे जमिनी कसायला घेतलेल्या कुटुंबांना बाळंतपण अडले, मूल तापाने फणफणले किंवा यंत्रात हात सापडला, तर घोडागाडी जुंपून कित्येक मैल जावे लागे, आणि हिवाळ्यात तर हा रस्ताच बर्फाखाली जाई.

या माळावरच्या लोकांनी डॉक्टर कसा मिळवला, आणि त्यासाठी आपल्या प्रांताच्या सरकारला त्याच्याकडे असलेला अधिकार वापरायला कसे लावले, याचा हा वृत्तांत आहे.

(दृश्य : पालिकेच्या जुन्या कचेरीचे दार, लाकडी मेज)

कॅनडाच्या 1867 च्या घटनात्मक कायद्याने रुग्णालये प्रांतांच्या अखत्यारीत ठेवली. ओटावातल्या केंद्र सरकारकडे पैसा होता. आरोग्याची जबाबदारी प्रामुख्याने प्रांतांकडे होती. प्रांताच्या खालोखाल ग्रामीण पालिका होत्या आणि त्यांच्याकडे जमिनीवर कर बसवण्याचा अधिकार होता. पुढचे सगळे या छोट्याशा अधिकारातून उगवले.

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात सार्निया या ग्रामीण पालिकेतला डॉक्टर गाव सोडून जाण्याच्या बेतात होता. बिले थकलेली, लोकांच्या हाती रोकड नाही, आणि पीक आल्याशिवाय ती येणारही नाही. पालिकेच्या सभासदांनी त्याला वर्षाला 1,500 डॉलर देऊ केले आणि त्याने राहावे असे सांगितले. हे पैसे करातून दिले गेले. गावाने वर्षाचे ठरवून द्यावे आणि कारागिराने वर्षभर गावाचे काम करावे, ही रीत आपल्याला बलुत्यामुळे अनोळखी नाही. इथे मात्र कोणी जन्माने बांधलेला नव्हता. डॉक्टर नेमण्याचा ठराव सभेत होई, करार होई आणि तो मोडताही येई.

अशा ठरावाला आधी कायद्याचा आधार नव्हता. प्रांताच्या विधानसभेने 1916 मध्ये पालिकांच्या कायद्यात दुरुस्ती करून तो दिला. हा क्रम नीट पाहण्यासारखा आहे, कारण पुढची पन्नास वर्षे तो जवळजवळ तसाच राहिला : आधी एखाद्या पालिकेने स्वतःच्या जोखमीवर काही करून पाहायचे, शेजारच्या पालिकांनी ते उचलायचे, आणि मग प्रांताची राजधानी रिजायना इथल्या विधानसभेला त्यासाठी कायदा करायला भाग पाडायचे. अनेक पालिकांनी मिळून एक रुग्णालय बांधण्याची तरतूदही त्याच वर्षीची आहे. क्षयरोगाचा उपचार सर्वांना विनाखर्च देण्याचे पाऊल या प्रांताने 1929 मध्ये उचलले, आणि तेही उत्तर अमेरिकेत सर्वांत आधी. 1940 च्या दशकात अशा पगारी डॉक्टरांची सोय केलेल्या पालिका शंभराहून अधिक झाल्या होत्या.

(दृश्य : 1930 च्या दशकातली छायाचित्रे, धुळीचे लोट, कुंपणाच्या तारांपर्यंत साचलेली माती)

ही छायाचित्रे दुष्काळाची आहेत. 1930 च्या दशकात एकीकडे जागतिक मंदीने गव्हाचा भाव कोसळला आणि दुसरीकडे वर्षामागून वर्ष पाऊस रुसला. शेतातली वरची माती उडून कुंपणापाशी साचली. डॉक्टरांना पैशांऐवजी कोंबड्या, बटाटे, सरपण मिळू लागले, आणि तेही मिळेल तेव्हा. पालिकेच्या करातून पगार घेणारा डॉक्टर त्यातल्या त्यात तग धरू शकला, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

मॅकिलॉप या पालिकेचे प्रमुख मॅथ्यू अँडरसन हे नॉर्वेतून आलेले शेतकरी होते. पालिकेचा प्रमुख म्हणजे आपल्याकडच्या सरपंचासारखा निवडून आलेला माणूस. आजाराचा खर्च एकट्या कुटुंबावर न पडता सर्वांनी मिळून आधीच भरून ठेवावा, अशी योजना त्यांनी अनेक वर्षे सभांमधून मांडली. प्रांताने 1939 मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला आणि मॅकिलॉपने वर्षाला माणशी 5 डॉलर आणि कुटुंबामागे जास्तीत जास्त 50 डॉलर, असा कर ठरवला. हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने आखलेले गणित नव्हते. गव्हाची सहकारी विक्री करणाऱ्या संस्था याच शेतकऱ्यांनी उभ्या केल्या होत्या आणि भागभांडवल, वार्षिक सभा, हिशेबतपासणी हे शब्द त्यांच्या रोजच्या तोंडचे होते. सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला बसलेल्या माणसाला हे वातावरण समजावून सांगावे लागणार नाही.

(दृश्य : वेबर्न गावातला टॉमी डग्लस यांचा पुतळा)

हा पुतळा टॉमी डग्लस यांचा आहे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या या मुलाच्या पायाच्या हाडाला लहानपणी जंतुसंसर्ग झाला होता. विनिपेगच्या रुग्णालयात पाय कापण्याचीच भाषा चालली होती, कारण निष्णात शल्यविशारदाची फी घरच्यांना परवडणारी नव्हती. योगायोगाने एका शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी म्हणून ही शस्त्रक्रिया फुकट केली आणि पाय वाचला. आपला पाय दैवयोगाने वाचला, हक्काने नव्हे, ही गोष्ट डग्लस जन्मभर सांगत राहिले. ते पुढे वेबर्नच्या बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक झाले, राजकारणात आले, आणि जून 1944 मध्ये शेतकरी व कामगारांच्या सीसीएफ पक्षाचे सरकार घेऊन प्रांताचे प्रमुख झाले. आरोग्य खाते त्यांनी स्वतःकडे ठेवले.

सरकार आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले वैद्यकाच्या इतिहासाचे अभ्यासक हेन्री सिगरिस्ट यांना प्रांताची पाहणी करायला बोलावले. सिगरिस्ट यांनी पालिकांच्या डॉक्टरांची पद्धत वाढवावी, आरोग्यसेवेसाठी प्रांताची वेगवेगळ्या विभागांत वाटणी करावी आणि रुग्णालयाचा उपचार विनाशुल्क करण्याकडे जावे, असे सुचवले. इथे थोडे थांबावे लागते, कारण हेच सिगरिस्ट त्याच वर्षाच्या अखेरीस हिंदुस्थानात, तिथल्या आरोग्यसेवेची आखणी करायला नेमलेल्या भोर समितीला सल्ला देण्यासाठी गेले होते. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, हे भोर समितीने 1946 मध्ये लिहून ठेवले. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये आपल्याही संविधानाने राज्यसूचीतच ठेवली आहेत. इथल्या पालिकांनी ज्या नेटाने आपल्या प्रांताला धरले, त्या नेटाने आपण आपल्या राज्याला धरले का, हा प्रश्न या माळावर चित्रीकरण करताना आमच्या मनातून गेला नाही.

(दृश्य : स्विफ्ट करंट शहर, रेल्वे यार्ड, आजूबाजूची गावे)

आता स्विफ्ट करंट. प्रांताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या या शहराभोवतीच्या भागात सुमारे 50 हजार लोक राहत होते. सरकारने आरोग्य विभाग स्थापण्याचा कायदा केला होता, पण विभाग हवा की नको हे लोकांनी मतदान करून ठरवायचे होते. पिटव्हिल पालिकेचे सचिव विल्यम बुराक यांनी हा विषय हाती घेतला. ते कारकुनी करणारे गृहस्थ होते. कराच्या पावत्या फाडणे आणि ठराव लिहिणे हे त्यांचे काम. त्यांनी शेजारच्या पालिकांना पत्रे लिहिली, सभा भरवल्या, आणि केवळ प्रतिबंधक आरोग्यसेवेवर न थांबता डॉक्टर आणि रुग्णालय दोन्ही या विभागात आणावेत, असा आग्रह धरला. सरकारला वाटले होते त्यापेक्षा लोक पुढे गेले. नोव्हेंबर 1945 मध्ये मतदान झाले, मोठ्या बहुमताने कौल मिळाला, आणि 1 जुलै 1946 रोजी विभाग सुरू झाला.

खर्चाचा काही भाग माणशी वर्गणीतून आणि काही भाग जमिनीवरच्या करातून उभा राहिला. डॉक्टर खासगीच राहिले. त्यांनी रुग्ण तपासायचा आणि बिल विभागाला पाठवायचे. लहान मुलांच्या दातांची तपासणी आणि उपचारही त्यात आले. पैसे मिळण्याची शाश्वती झाल्यावर या भागात यायला डॉक्टर राजी झाले आणि त्यांची संख्या वाढली.

हे चालू असतानाच ओटावात केंद्र आणि प्रांत यांच्यात राष्ट्रीय आरोग्य विम्याची बोलणी चालली होती. ती 1946 मध्ये फिसकटली. सस्कॅचेवान थांबला नाही. 1 जानेवारी 1947 पासून प्रांतातल्या प्रत्येकासाठी रुग्णालयाचा विमा लागू झाला. वर्गणी माणशी 5 डॉलर आणि कुटुंबाला कमाल 30 डॉलर. केंद्राने अशा विम्यासाठी प्रांतांना पैसे द्यायला सुरुवात केली ती 1958 मध्ये, म्हणजे 11 वर्षांनी. तो वाटा मिळू लागल्यावर प्रांताच्या तिजोरीवरचा भार हलका झाला आणि डग्लस यांनी डिसेंबर 1959 मध्ये डॉक्टरांच्या सेवेचाही विमा आणण्याची घोषणा केली.

(दृश्य : रिजायना, वास्काना तळे, विधानभवनाच्या पायऱ्या)

हे रिजायनाचे विधानभवन. जून 1960 ची निवडणूक याच प्रश्नावर लढवली गेली आणि डग्लस यांचा पक्ष जिंकला. नोव्हेंबर 1961 मध्ये कायदा झाला. त्याच महिन्यात डग्लस केंद्रीय राजकारणात गेले आणि वुड्रो लॉइड प्रांताचे प्रमुख झाले. प्रांतातल्या डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध कडवा होता. उपचार कसा करावा आणि फी किती असावी यात सरकार हात घालील, ही त्यांची भीती होती, आणि ती सगळीच खोटी होती असे म्हणता येणार नाही. कायदा 1 जुलै 1962 रोजी अमलात आला आणि त्याच दिवशी बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. मोजक्या रुग्णालयांत तातडीची सेवा सुरू राहिली. पहिल्याच दिवशी डॉक्टरच्या शोधात आईबाप गाडी घेऊन फिरत असताना नऊ महिन्यांचे एक बाळ दगावले.

(दृश्य : जुलै 1962 ची छायाचित्रे, फलक घेतलेल्या स्त्रिया, पायऱ्यांवरची गर्दी)

या स्त्रिया 'आमचे डॉक्टर टिकवा' समित्यांच्या आहेत. आपला डॉक्टर प्रांत सोडून जाईल, ही त्यांची धास्ती खरी होती. 11 जुलैला याच पायऱ्यांवर त्यांचा मोठा मेळावा ठरला होता. संयोजकांना 40 ते 50 हजार लोकांची अपेक्षा होती. आले 4 ते 5 हजार. बाकीचे लोक घरी राहिले. त्यांची छायाचित्रे कोणी काढली नाहीत, परंतु माझ्या मते त्या महिन्यातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे, कारण पालिकेच्या वहीत तीस-चाळीस वर्षे डॉक्टरचा पगार वाचलेल्या माणसांना सरकारी विम्याचा बागुलबुवा दाखवून फारसे हलवता आले नाही.

आणि हे चित्र पाहा. विधानसभेचे दार बंद आहे आणि विरोधी पक्षनेते रॉस थॅचर त्या दारावर लाथ मारत आहेत. त्यांच्या राजकीय आयुष्यातले हे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र ठरले.

(दृश्य : सस्काटूनचा सामुदायिक दवाखाना, आतले बाक, नोंदणीची खिडकी)

संप चालू असतानाच लोकांनी स्वतःचे दवाखाने काढले. याच प्रांतातल्या सस्काटून शहरात 3 जुलै 1962 रोजी, संपाच्या तिसऱ्या दिवशी, जोन विटनी-मूर आणि मार्गारेट महूद या दोन डॉक्टर स्त्रियांनी सामुदायिक दवाखान्यात रुग्ण तपासायला सुरुवात केली. ज्या काळात योजनेच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या डॉक्टरला सहव्यवसायिक वाळीत टाकत होते, त्या काळात हे धैर्याचे काम होते. वर्गणी सभासदांची, जागा सभासदांनी मिळवलेली, समिती सभासदांतून निवडलेली. प्रिन्स अल्बर्ट आणि रिजायना इथेही असे दवाखाने निघाले. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर बोलावले, आणि तिथलेच लॉर्ड स्टीफन टेलर मध्यस्थीला आले. स्वतः डॉक्टर असलेले टेलर ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या उभारणीचे वादही जवळून पाहिलेले होते.

23 जुलैला सस्काटून करार झाला. डॉक्टर सरकारी नोकर होणार नाहीत आणि तपासणीमागे फी घेतील, हे सरकारने मान्य केले. सर्वांना लागू होणारा, करातून आणि वर्गणीतून चालणारा सार्वजनिक विमा डॉक्टरांनी मान्य केला. दारावर लाथ मारणारे थॅचर 1964 मध्ये निवडून आले आणि त्यांनी योजना रद्द केली नाही. केंद्राने 1966 मध्ये देशभरासाठी कायदा केला, 1972 पर्यंत तो सर्व प्रांत आणि प्रदेशांत पोचला, आणि आरोग्यसेवा चालवण्याचा अधिकार आजही प्रांतांकडेच आहे.

(दृश्य : दवाखान्याचे दार, सकाळची वेळ)

सस्काटूनचा हा दवाखाना अजून सुरू आहे, आणि अजूनही तो सभासदांच्या सहकारी संस्थेच्याच मालकीचा आहे.