उलटी अक्षरं

(दृश्य: केडगाव स्टेशन, सकाळची गाडी. पुढे जुन्या दगडी इमारती.)

निवेदन:
पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की वाटेत केडगाव लागतं. स्टेशनापासून जवळच पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी उभी केलेली 'मुक्ती' ही संस्था आहे. या आवारात एके काळी दोन हजारांच्या घरात बायका-मुली राहत होत्या. बहुतेकींना दुष्काळानं इथं आणलं होतं.

1896 मध्ये मध्य प्रांतात पीक बुडालं, तेव्हा पंडिता रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन परतल्या. भूक म्हणजे काय हे रमाबाईंना कुणी सांगायला नको होतं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण अशी घरातली माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. पुढे भावाबरोबर त्यांनी निम्मा देश पायी तुडवला.

विधवांसाठी त्यांनी काढलेलं शारदा सदन तोवर पुण्यात होतं. प्लेगमुळे शहरात एवढ्या मुली ठेवणं अवघड झालं. सदनाच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून केडगावला जमीन घेऊन फळबाग लावलेली होती. मुक्काम तिथं हलला. मग 1900 च्या सुमारास गुजरातेतही दुष्काळ पडला आणि तिकडच्या मुलीही आल्या.

(दृश्य: हातमाग, घाणा, गोठा.)

एवढ्या तोंडांना दोन वेळचं द्यायचं, तर नुसत्या देणगीवर किती दिवस निभणार? मुक्तीत माग चालू झाले, तेलाचा घाणा फिरू लागला. गोठा, शेती, शिवण, धुलाई, सगळं बायकांच्याच हाती. अंध मुलींसाठी ब्रेल आलं. सकाळी अक्षरओळख आणि उरलेला दिवस हाताला काम, असा साधारण शिरस्ता.

पण खरी पाहण्यासारखी जागा म्हणजे छापखाना.

(दृश्य: जवळून, शिशाचे खिळे. बोटं एकेक उचलून पट्टीत लावताहेत.)

हा खिळा बघा, छपाईचं सुटं अक्षर. ते उलटं आहे. खिळे जुळवणारा जुळारी ओळ लावतो ती अशीच, आरशातल्यासारखी आणि डोकं खाली. देवनागरीत तर काना, मात्रा, वेलांटी, रफार, वर जोडाक्षरांचा पसारा. शेकडो घरांच्या खणातून नेमका खिळा न बघता उचलायला बोटांना महिनोन्महिने लागतात. एक मात्रा चुकली की अर्थ फिरतो आणि ओळ पुन्हा उसवावी लागते. हे काम तेव्हा पुरुषांचं. इथं ते करत होत्या अशा मुली, ज्यांना काही वर्षांपूर्वी सरळ अक्षरसुद्धा वाचता येत नव्हतं.

त्या जुळवत काय होत्या? रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर. जुळणी, छपाई, बांधणी, सारं आवारातच.

धर्माचा विषय निघालाच आहे, तर तो टाळून पुढे जाता येणार नाही. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होताहेत यावरून 1893 मध्येच पुण्यात गदारोळ उठला होता. टिळकांच्या 'केसरी'नं टीकेची झोड उठवली. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतकही सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. केडगावात तर ख्रिस्ती धर्म उघडच होता. आसरा आणि कसब यांच्यासोबत तोही येत होता. शिवाय पुष्कळजणी शिकून बाहेर न पडता मुक्तीतच राबत राहिल्या, त्यामुळे 'स्वावलंबन' हा शब्द वापरताना जीभ जराशी अडखळते. पण त्या काळात बाहेर तरी त्यांच्यासाठी काय होतं? ज्या घरांनी वाऱ्यावर सोडलं ती घरं, नाहीतर रस्ता.

(दृश्य: छापलेलं पान, जवळून.)

5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून आलं 1924 मध्ये. मधल्या काळात मुद्रितं, म्हणजे छपाईची कच्ची पानं, तपासून परत पाठवणाऱ्या बाई नव्हत्या. खिळे मात्र पट्टीत चढत राहिले.

(आवाज: खिळ्यांची टकटक. चित्र हळूहळू काळं.)