चमचाभर जवस, पण दळलेलं

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय जवस. कोणी अळशी म्हणतं, मॉलमध्ये पाकिटावर फ्लॅक्स सीड्स असं लिहिलेलं असतं, वस्तू एकच, किराणा दुकानात गोणीत मिळते तीच. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हल्ली येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाचा एक प्रश्न ठरलेला असतो, मॅडम व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं, जवस खाल्लं की कोलेस्टेरॉल जातं, शुगर जाते, वजन जातं, केस येतात, खरं का? आता एवढं सगळं एका चमच्यात होत असतं तर आम्ही आमचे दवाखाने बंद करून जवसाची शेतीच केली असती. पण म्हणून ते सगळं थोतांड आहे असंही नाही हं. त्यातलं खरं किती आणि ते पदरात पाडून घ्यायचं कसं, एवढंच आज बोलू.

विदर्भातल्या लोकांना जवसाची ओळख करून द्यायची म्हणजे अगदीच आगाऊपणा आहे. भंडारा-चंद्रपूरकडे तर उभ्या धानातच, कापणीच्या आधी, ओल असताना जवसाचं बी फेकून पेरायची पद्धत आहे, उतेरा म्हणतात तिला, धान निघतं आणि खाली जवस उगवून आलेलं असतं. थंडीत सकाळी निळी निळी फुलं, दुपारपर्यंत पाकळ्या गळूनही जातात. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधनाचं केंद्र आहे. म्हणजे हे काही परदेशातून आलेलं सुपरफूड वगैरे नाहीये, आपल्याकडे भाकरीबरोबर चटणी म्हणून होतंच की. मधल्या काळात शहरातल्या ताटातून गेलं आणि आता काचेच्या बरणीत बसून दुप्पट-तिप्पट भावाने परत आलं.

आता मुद्द्याचं. आपल्या शरीराला दोन प्रकारची फॅट्स बाहेरूनच घ्यावी लागतात, शरीर ती स्वतः बनवू शकत नाही, एक ओमेगा सहा आणि दुसरं ओमेगा तीन. आता आपल्या घरातल्या तेलाच्या कॅनकडे बघा. शेंगदाणा तेल, करडई, सूर्यफूल, या तिन्हींत ओमेगा तीन जवळजवळ नाहीच. सोयाबीन तेलात थोडं असतं, साधारण सात टक्के, मोहरीच्या तेलात दहाच्या आसपास, पण मोहरीच्या तेलात भाजी करणारी मराठी घरं किती असतील? मासे खाणाऱ्यांना बांगडा-तारलीतून ओमेगा तीन मिळतं, कोकणातल्या लोकांनी निवांत राहावं. पण जे शाकाहारी आहेत आणि ज्यांच्या घरी करडई किंवा सूर्यफूल येतं, त्यांच्या ताटात ही जागा खरोखर रिकामी असते, आणि जवस नेमकं तिथे बसतं. माझ्या दृष्टीने जवस खायचं सगळ्यात पटणारं कारण हेच, बाकीचं सगळं नंतर.

आकडे सांगते, फार नाही. शंभर ग्रॅम जवसात साधारण 42 ग्रॅम फॅट असतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त हे ओमेगा तीन, शिवाय 27 ग्रॅम फायबर आणि 18 ग्रॅम प्रोटीन. पण शंभर ग्रॅम कोण खातंय, आपण चमच्याचं बोलू. जवसाची पूड सपाट एक मोठा चमचा, म्हणजे सात ग्रॅम, त्यात साधारण 1.6 ग्रॅम ओमेगा तीन मिळतं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी पुरुषांना दिवसाला 1.6 आणि बायकांना 1.1 ग्रॅम पुरेसं धरलंय, म्हणजे एका चमच्यात दिवसाचं काम झालं. आणि तेलाच्या कॅप्सूल मिळतात ना, एक हजार मिलिग्रॅमच्या, त्यात ते अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे तीन कॅप्सूल बरोबर एक चमचा पूड, किंमत तुम्हीच काढा. एका चमच्यात कॅलरी 37, त्यामुळे वजन कमी करायचं म्हणून वाटीभर खाणाऱ्यांनी जरा हिशोब करावा.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. जवसातलं ओमेगा तीन आणि माशातलं ओमेगा तीन हे सारखं नाही. माशातलं थेट वापरता येतं, जवसातल्याचं शरीराला आधी रूपांतर करावं लागतं आणि ते फार कमी होतं, शंभरातलं जेमतेम काही भाग. त्यामुळे डॉक्टरांनी एखाद्याला फिश ऑइल लिहून दिलं असेल तर ते बंद करून मी जवस खातो असं परस्पर ठरवू नका.

आता सगळ्यात मोठी गडबड जिथे होते ते. लोक अख्खं जवस खातात. सकाळी उठले, मूठभर तोंडात टाकलं, पाणी प्यायले, झालं. जवसाचं टरफल गुळगुळीत आणि कडक असतं, दाताखाली सगळंच चिरडलं जात नाही, मग ते जसं गेलं तसंच दुसऱ्या दिवशी बाहेर पडतं, ओमेगा तीन आत बंदच. थोडं फायबर मिळेल, पोट साफ होईल, पण बाकी फायदा पाण्यात. म्हणून दळलेलं खायचं, कुटलेलं खायचं. आपली जुनी चटणी त्या अर्थाने एकदम बरोबर होती बघा.

पण दळलं की दुसरी भानगड सुरू होते. जवसाचं तेल हवेला फार लवकर धरतं. क्रिकेट खेळणाऱ्यांना माहितीये, नव्या बॅटला लिनसीड ऑइल लावतात, ते हेच तेल, लावून ठेवलं की हळूहळू सुकतं आणि वर पातळ पापुद्रा धरतं. ऑइल पेंटमध्ये, खिडकीच्या काचांच्या पुट्टीत सुद्धा हेच घालायचे, कारण तेच, हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं. ज्या गुणामुळे ते रंगवाल्याच्या कामाचं त्याच गुणामुळे तुमच्या डब्यातली पूड खवट होते. दाणा अख्खा असतो तोवर टरफल त्याला सांभाळतं, महिनोन्महिने टिकतो, एकदा फोडला की घड्याळ चालू. म्हणून पूड आठवड्याभराचीच करा, घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये. रंगाच्या डब्यासारखा किंवा कडू वास आला तर सरळ टाकून द्या, महाग आहे म्हणून संपवत बसू नका. आणि जवसाचं तेल आणलंच तर त्यात फोडणी नाही करायची, ते लगेच धुरावतं, वरून कच्चं घ्यायचं, भाकरीवर चटणीत ओततो तसं. (हार्डवेअरच्या दुकानातलं लिनसीड ऑइल खायचं नसतं हे सांगायची वेळ माझ्यावर एकदा आलेली आहे, म्हणून सांगून टाकते.)

बरं, भाजायचं कसं. जाड बुडाची कढई, आच मंद, तेल अजिबात नाही. जवस टाकलं की सारखं हलवत राहायचं, दोन-तीन मिनिटांत तडतडायला लागतं, दाणे उडतात, मग झाकण अर्धं ठेवायचं नाहीतर ओटाभर जवस. तडतड कमी व्हायला लागली, खमंग वास आला की लगेच ताटात काढायचं, कढईत राहू द्यायचं नाही, गरम कढईत ते पुढे भाजत राहतं आणि कडू होतं. पूर्ण गार होऊ द्या. मग त्याच कढईत सुक्या लाल मिरच्या, थोडं जिरं, कढीपत्ता आणि आवडत असेल तर खोबऱ्याचा कीस. लसूण, मीठ घालून सगळं कुटायचं. खलबत्ता असेल तर उत्तमच, चटणी भरड राहते. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलं की तेल सुटून गोळा होतो आणि भांड्याला चिकटतो. लसूण घातलेली चटणी लवकर संपवायची. भाजल्याने ओमेगा तीन जळून जातं का, असं विचारतात. मंद आचेवर दोन-तीन मिनिटांनी घाबरण्यासारखं काही होत नाही, पोळीच्या कणकेत, थालीपीठाच्या भाजणीत पूड घातली तरी चालते. उलट कच्च्या जवसात सायनाइड तयार करू शकणारे काही घटक अगदी थोड्या प्रमाणात असतात आणि भाजल्याने ते कमी होतात. घाबरू नका, एक-दोन चमच्यांनी काही होत नाही, पण वाट्या भरभरून कच्चं खायचं नाही.

आता तब्येतीचं काय म्हणतात बघू. फायबरमुळे बद्धकोष्ठतेला खरंच उपयोग होतो. जवस पाण्यात भिजवलं की बुळबुळीत होतं ना, तोच चिकट भाग पोटात पाणी धरून ठेवतो. पण त्याला पाणी मिळालं पाहिजे, जवस सुरू केलं आणि पाणी प्यायला विसरलात तर पोट उलट जास्त अडकतं. आणि पहिल्याच दिवशी तीन चमचे घेतले की गॅस होणार, मग जवस सोसत नाही म्हणून दोष त्याला. अर्ध्या चमच्याने सुरू करा, आठवडाभराने वाढवा.

कोलेस्टेरॉल. वाईट म्हणतो ते एलडीएल, ते थोडं खाली येतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, पण गंमत अशी की हे दळलेल्या बियांनी होतं, नुसत्या तेलाने तेवढं होताना दिसत नाही, कारण तेलात फायबर राहतच नाही. म्हणजे कॅप्सूलवाल्यांचं इथे पण हुकलं. ब्लड प्रेशरचा एक अभ्यास कॅनडात विनिपेगला झाला, 2013 साली छापून आला, पायाच्या रक्तवाहिन्या आकसलेले 110 पेशंट, त्यातल्या काहींना रोज 30 ग्रॅम दळलेलं जवस ब्रेड-मफिनमधून सहा महिने दिलं, वरचं प्रेशर साधारण दहाने आणि खालचं सातने कमी राहिलं. चांगला आकडा आहे, पण ते पेशंट वेगळे होते, 30 ग्रॅम म्हणजे चार चमचे होतात, आणि त्यांच्या गोळ्या कोणी काढून घेतल्या नव्हत्या. हे शेवटचं तीनदा ऐका.

पाळी जाताना अंगातून वाफा येतात त्यावर जवस चांगलं, असंही फिरत असतं. जवसात लिग्नान नावाचे घटक भरपूर असतात, रोजच्या खाण्यातल्या कुठल्याही पदार्थापेक्षा जास्त, त्यांचा हॉर्मोनशी थोडा संबंध येतो म्हणून ही आशा होती. पण अमेरिकेत 188 बायकांना घेऊन तपासलं तेव्हा जवसाचे बार खाणाऱ्या आणि बिनजवसाचे बार खाणाऱ्या, दोघींना सारखाच आराम पडला. तेव्हा बायांनो, त्यासाठी जवसाच्या भरवशावर बसून त्रास काढत राहू नका, डॉक्टरांकडे जा. केसांचं तर मी बोलतच नाही. जवसाची जेल केसांना लावून केस चमकतात हे खरं, पण येत नाहीत.

कोणी जपायचं? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं, ऑपरेशन ठरलं असेल तर तेव्हाही सांगायचं. गरोदर बायकांनी चटणी तोंडी लावण्यापुरतीच ठेवावी, औषध म्हणून चमच्याने घ्यायचं असेल तर आधी विचारून. आतड्यात अडथळ्याचा त्रास ज्यांना झालेला आहे त्यांनी नकोच. आणि कुठलीही गोळी आणि जवस एकाच वेळी नको, ते चिकट फायबर गोळीला पण धरतं, तासा-दोन तासांचं अंतर ठेवा, थायरॉइडची सकाळची गोळी घेणाऱ्यांनी तर जवस दुपारच्या जेवणातच ठेवावं, डोक्याला ताप नाही.

चटणी नको असेल तर दही-भातावर घाला, ताकात घाला, कोशिंबिरीत दाण्याच्या कुटाच्या निम्म्या जागी घाला, मुलांना लाडवात द्या. आता हमखास येणारा शेवटचा प्रश्न, उपासाला चालतं का. ते आपापल्या घरातल्या मोठ्या बाईला विचारावं, त्या खात्यात आम्ही डायटिशियन लोक पडत नाही. नमस्कार.